रस्ता कुणाच्या बापाचा?

संध्याकाळी पुण्याचा लॉ कॉलेज रस्ता तुंबला की प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत गाड्या शिरायला लागतात. कोथरूडहून सेनापती बापट रस्त्याकडे निघालेला माणूस नळ स्टॉपला दोन सिग्नल कसाबसा थांबतो, मग मोबाइलमधला नकाशा त्याला ‘आतून’ जायला सुचवतो. थोड्याच वेळात एरंडवण्यातल्या एखाद्या गल्लीत दोन मोटारी समोरासमोर येतात, त्यांच्यामध्ये एक रिक्षा अडकते आणि चार स्कूटर फुटपाथवर चढतात. कोणीतरी व्हिडिओ काढून टाकतो आणि ठरलेले भांडण सुरू होते. रहिवासी म्हणतात, बाहेरच्या गाड्या नकोत, गेट लावा, वॉचमन बसवा. समोरून उत्तर येते, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे? आम्हीही कर भरतो. ठिकाण औंधचे असो वा ठाण्याचे, संवाद हाच असतो. दोन्हीकडची माणसे तावातावाने बोलतात आणि दोन्हीकडची माणसे चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत असतात.

गल्ली कोणाला बंद करायची, असे एकदा विचारले की उत्तर वाईटच निघणार. गल्लीतून काय आरपार जाऊ द्यायचे, हे ठरवायला हवे. माझे म्हणणे असे की वस्तीतल्या गल्लीतून माणूस आरपार जावा, सायकल जावी, हातगाडी जावी, आणि मोटार जाऊ नये. बाहेरच्याची जाऊ नये तशी गल्लीत राहणाऱ्याचीही जाऊ नये. दारापर्यंत गाडी कोणालाही नेता यावी, पाहुण्याला, डॉक्टरला, सिलिंडरवाल्याला, कुरिअरवाल्याला. पण एका तोंडाने आत शिरून दुसऱ्या तोंडाने मुख्य रस्त्यावर बाहेर पडायची सोय गाडीला नसावी. त्यासाठी पास लागत नाही, स्टिकर लागत नाही, ‘कुठे जायचंय?’ असे विचारणारा गणवेशातला माणूसही लागत नाही. योग्य जागी लावलेले चार बोलार्ड, म्हणजे मोटारीची वाट अडवणारे ठेंगणे खांब, आणि दोन उलटसुलट एकेरी मार्ग यांनी काम भागते. निदान बऱ्याच अंशी भागते; दुचाकीचा पेच वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो.

रहिवाशांच्या रागाची खिल्ली उडवणे सोपे आहे, पण त्यात तथ्य आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्याच तीन रस्त्यांची पाहणी केली होती. फरक फक्त रहदारीचा होता: एका रस्त्यावर दिवसाला सुमारे 2,000 गाड्या, दुसऱ्यावर 8,000, तिसऱ्यावर 16,000. शांत रस्त्यावरच्या माणसाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, वर्दळीच्या रस्त्यावर एकही धड भरत नव्हता, सरासरी 0.9. लोकांना ‘माझे घर’ कुठवर वाटते, तेही त्याने त्यांच्याकडून नकाशावर काढून घेतले. शांत रस्त्यावर ते समोरच्या फुटपाथपर्यंत पोचत होते, वर्दळीच्या रस्त्यावर दाराच्या आतच संपत होते. ज्यांचे लहानपण पेठेतल्या वाड्याच्या दारात किंवा गिरगावातल्या चाळीपुढे क्रिकेट खेळण्यात गेले त्यांना यासाठी पाहणीची गरज नाही. गल्ली ही वस्तीची ओसरी असते. तिच्यातून रोज संध्याकाळी परक्या गाड्यांचा लोंढा जात असेल तर मुलांनी घरात बसायचे, म्हाताऱ्यांनी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणे सोडून द्यायचे आणि आपण हे सगळे विकास म्हणून सोसायचे, असे का?

तरीही गेट हे त्यावरचे उत्तर नव्हे, आणि ते का नव्हे हे आपल्या देशात तरी फोड करून सांगायला लागू नये. ‘हा रस्ता तुझ्यासाठी नाही’ या वाक्याला इथे फार जुना आणि घाण इतिहास आहे. 1924 साली केरळात वैकमला सत्याग्रह झाला तो मंदिरप्रवेशासाठी नव्हता, मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. रस्ते सार्वजनिक होते, फक्त काही माणसांना बंद होते. पुढच्या वर्षी तडजोड झाली तेव्हाही सगळे रस्ते सगळ्यांना खुले झाले नाहीत. त्यानंतर दोनच वर्षांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यावरून तोच प्रश्न उभा राहिला. संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाटांच्या जोडीला ‘रस्ते’ हा शब्द काही सहज येऊन बसलेला नाही. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी वॉचमन बसला की तो कोणाला थांबवतो आणि कोणाला सलाम ठोकतो, हे पाहा. मोठ्या मोटारीला तो फाटक उघडून देतो. भाजीवाली, भंगारवाला, घरकाम करून परतणारी बाई आणि खाण्याची पार्सले पोचवणारा पोरगा यांना नाव-गाव विचारतो. म्हणजे ज्या गोष्टीचा त्रास होता ती आत आणि ज्यांचा त्रास नव्हता ते बाहेर. रहदारीच्या नावाखाली वस्तीची सोवळ्याची सीमा आखून घ्यायची ही युक्ती आहे, आणि तिला विरोध करणारे बरोबरच करतात.

‘फक्त रहिवाशांच्या गाड्या’ हा त्याचा सौम्य अवतार. न्यू यॉर्ककडे जाणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळ लिओनिया नावाचे छोटे गाव आहे. मोबाइलमधल्या नकाशांनी पुलाकडची गर्दी गावात वळवली, तेव्हा जानेवारी 2018 मध्ये गावाने आपले साठ रस्ते सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत बाहेरच्यांना बंद केले. रहिवाशांनी गाडीला पिवळी चिठ्ठी लटकवायची, इतरांना दोनशे डॉलर दंड. गावातल्या दुकानदारांनी बोंब मारली, प्रकरण कोर्टात गेले आणि त्याच वर्षी न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. गावकऱ्यांची तक्रार खरी होती, इलाज मात्र माणसे वेगळी काढण्याचा होता. आपल्याकडे अशा चिठ्ठ्या निघाल्या तर त्या कोणत्या झेरॉक्सच्या दुकानात किती रुपयांना मिळतील, हा तपशील वाचकांवर सोडतो.

आता दुसरी बाजू. ‘रस्ता सगळ्यांच्या पैशातून झाला आहे, त्यामुळे माझी गाडी त्यावरून जाणारच’ या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग निर्विवाद आहे. दुसरा अर्धा पहिल्यातून निघत नाही. महापालिकेची बागही सगळ्यांच्या पैशातून झालेली असते, म्हणून कमला नेहरू पार्कातून कोणी स्कूटर नेत नाही. फिरण्याचे स्वातंत्र्य संविधानाने नागरिकाला दिले आहे, त्याच्या चारचाकीला वेगळे दिलेले नाही. गाडीवर बंधने घालण्याचा अधिकार कायद्यात जुनाच आहे: जड वाहनांना दिवसा बंदी, एकेरी मार्ग, नो एन्ट्री. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी आहेत, तिथे कोणी मूलभूत हक्कांची भाषा करत नाही. मग हीच गोष्ट प्रभात रस्त्याच्या गल्लीत केली की ती हुकूमशाही कशी होते?

पण या बाजूचा एक मुद्दा तगडा आहे, आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. शहरात मुख्य रस्तेच कमी आहेत. त्यावरचा भार गल्ल्यांनी थोडा उचलला तर शहर चालते, गल्ल्या बंद केल्या तर उरलेसुरले रस्तेही ठप्प होतील. 2020 साली विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडला, त्यानंतर औंध, बाणेर, पाषाणच्या आतल्या रस्त्यांनी काय सोसले ते तिथल्या लोकांना विचारावे. त्या काळात आतले रस्ते नसते तर काय झाले असते?

म्हणून गल्ली नेमके काय करते हे पाहू. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी रस्ता अरुंद आहे म्हणून सगळीकडे सारखी होत नाही. ती चौकांत होते. सिग्नलच्या एका फेरीत जितक्या गाड्या निघतात तितक्याच निघतात. गल्ल्यांतून वळसा घालून आलेला माणूस पुन्हा त्याच रस्त्याला, थोडा पुढे येऊन मिळतो. चौकातून तासाला जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येत त्याने एका गाडीचीही भर घातलेली नसते, त्याने फक्त रांग मोडलेली असते. रेशनच्या दुकानात मागच्या दाराने शिरणारा जसा धान्याचा साठा वाढवत नाही, तसेच हे. उलट तो नुकसान करतो. गल्लीच्या तोंडातून घुसणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी मुख्य रस्त्यावरचा प्रवाह थबकतो, आणि उजवीकडे वळणारा असेल तर दोन्ही बाजूंचा थबकतो. आतून येऊन पाच मिनिटे वाचवणाऱ्याची ती पाच मिनिटे रांगेत उभ्या असलेल्या बसमधल्या पन्नास जणांच्या खिशातून गेलेली असतात. नकाशाला हे दिसत नाही. त्याला विचारणारा एकटा चालक दिसतो, आणि प्रत्येकाला तो एकट्याच्या फायद्याचाच सल्ला देतो. पूर्वी आतले बोळ रिक्षावाल्यांना आणि जुन्या पुणेकरांना ठाऊक असत, त्यामुळे रांग मोडणारे मोजके होते. आता ते ज्ञान हिंजवडीत कालच नोकरीला लागलेल्याच्या खिशातही आहे.

हे सगळ्या गल्ल्यांना लागू नाही. काही आतले रस्ते अडलेला चौक पूर्णपणे टाळून दुसऱ्याच मुख्य रस्त्याला जाऊन मिळतात, आणि ते खरोखर शहराची क्षमता वाढवतात. अशा रस्त्यांबाबत लपवाछपवी नको. तो शहराचा जोडरस्ता आहे असे विकास आराखड्यात लिहा, दोन्ही बाजूंना चालता येईल असे फुटपाथ करा, शाळेपुढे रस्ता ओलांडायची नीट जागा द्या, त्यावरून बस न्या. आज होते काय, तर ज्याला कागदावर गल्ली म्हणतात त्याच्यावर महामार्गाचे ओझे टाकले जाते आणि महामार्गाला मिळणारी एकही सोय त्याला दिली जात नाही. विद्यापीठ चौकासारखे मोठे काम सुरू असताना तात्पुरते आतून जाऊ देणे समजू शकते. तात्पुरते मात्र काम संपल्यावर संपायला हवे.

उरलेल्या गल्ल्या गाडीला आरपार बंद केल्या तर ती रहदारी कुठे जाईल? सगळीच्या सगळी मुख्य रस्त्यावर येईल, हे गृहीत सगळेच धरतात आणि कोणी तपासत नाही. सॅली केर्न्स ही वाहतूक-संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी अकरा देशांतली सुमारे सत्तर उदाहरणे गोळा केली, जिथे रस्त्याची जागा गाड्यांकडून काढून घेतली होती, कधी ठरवून, कधी पूल पडल्यामुळे. आजूबाजूचे रस्ते धरूनही निम्म्या ठिकाणी एकूण रहदारी अकरा टक्क्यांहून अधिक घटलेली होती. लोकांनी वेळ बदलली, दोन कामे एका फेरीत केली, बस धरली, काही फेऱ्या टाळल्या. अकरा टक्के म्हणजे चमत्कार नाही, हे मान्य. उरलेली रहदारी मुख्य रस्त्यावर येतेच. आणि इथे विरोधकांचा सगळ्यात टोचणारा प्रश्न उभा राहतो: मुख्य रस्त्यावर राहतो कोण? बंगल्यांच्या गल्लीला शांतता मिळणार आणि धूर सोसणार कर्वे रस्त्यावरच्या दुकानांवर दीड खोलीत राहणारे, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतले आणि फुटपाथवरचे फेरीवाले. लंडनमध्ये 2020 नंतर अशा योजना घाईघाईने झाल्या, तेव्हा हाच आरोप सगळ्यात जोरात झाला, आणि 2023 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी त्या योजनांची फेरतपासणी करायला सांगून त्याचे राजकीय भांडवलही केले.

या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण समाधानाचे उत्तर नाही, अर्धे आहे. ते असे की गल्ली बंद करणे हा एकट्याने करायचा उद्योगच नव्हे. मुख्य रस्त्यावर बसला स्वतःची जागा मिळत नसेल तर गल्ल्यांना हात लावू नये. पुण्याने 2006 मध्ये कात्रज ते हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू केली आणि नंतर ती हळूहळू मोडू दिली. त्या मोडण्याची किंमत आज आतल्या गल्ल्या भरत आहेत, हा संबंध कोणी जोडत नाही. शिवाय सुरुवात प्रभात रस्त्यापासून करायची गरजच नाही. शहरातल्या महापालिकेच्या शाळांभोवतीच्या गल्ल्या घ्या, पूर्वेकडच्या दाट वस्त्यांतले ते रस्ते घ्या जिथे अंगणच नसल्यामुळे मुले रस्त्यावर खेळतात. ज्यांच्याकडे व्हिडिओ काढून हॅशटॅग चालवायला वेळ नाही, त्यांच्या गल्लीचा नंबर आधी लावा. मग ‘ही श्रीमंतांची चैन’ हे वाक्य कोण म्हणतो ते बघू.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने हे 1977 मध्ये करून दाखवले. शहराच्या मध्यभागाचे चार तुकडे पाडले. एका तुकड्यातून दुसऱ्यात चालत किंवा सायकलवर कुठूनही जा, मोटारीला मात्र बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर येऊनच पुढे जाता येईल, असा नियम. एका रात्रीत पाट्या बदलल्या, कारण आधी सांगून हळूहळू केले असते तर दुकानदारांनी ते होऊच दिले नसते. दुकानदार चिडले होतेच. गोम अशी की तिथे कोणाचीही गाडी निवडून अडवलेली नव्हती. मध्यभागात राहणाऱ्यालाही शेजारच्या तुकड्यात गाडी न्यायची तर वळसाच होता. सगळ्यांना सारखाच नियम असल्यामुळे कोण स्थानिक आणि कोण उपरा हे ठरवायला शिपाई लागला नाही. त्याच दशकात त्या देशात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांसाठी आयांनी आणि बापांनी रस्ते अडवले होते. 1971 या एका वर्षात तिथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली होती, त्यांत मुलांची संख्या शेकड्यांत होती. तो देश जन्मजात सायकलवाला होता आणि आपण जन्मजात बेशिस्त, ही समजूत त्यामुळे मला पटत नाही.

ग्रोनिंगनची नक्कल पुण्यात जशीच्या तशी चालणार नाही, याचे कारण शिस्त नसून दुचाकी आहे. बोलार्ड मोटार अडवतो, स्कूटर नाही. व्हीलचेअर जाईल इतकी फट ठेवली तर त्यातून ॲक्टिव्हाही जाते, आणि व्हीलचेअर जाणार नाही इतकी फट ठेवणे हा अपराध आहे. पुण्यातल्या गर्दीत दुचाकींचा वाटा एवढा मोठा असताना बोलार्ड लावून काय उपयोग, असे एका वाहतूक पोलिसाने विचारले तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. माझे उत्तर असे की दुचाकी अडवायच्या नादी लागूच नये, तिचा फायदा काढून घ्यावा. आतून जाणारा वेळ वाचतो म्हणून जातो. गल्लीत दर चाळीस-पन्नास मीटरवर फुटपाथच्या उंचीचा सपाट चढ असेल, वळणे आवळलेली असतील, तर आतला मार्ग बाहेरच्यापेक्षा जलद राहत नाही. इथे चढ म्हणजे आपल्याकडे रात्रीतून उगवणारे डांबराचे उंचवटे नव्हेत. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात साध्या गतिरोधकाचे माप दिले आहे: 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, दोन्हीकडे हळूहळू उतरणारा. आपले गतिरोधक बहुधा याच्या पावपट रुंद आणि दीडपट उंच असतात, त्यामुळे ते पाठीचे मणके मोडतात आणि वेग मात्र तेवढ्या जागेपुरताच रोखतात. काही दुचाक्या तरीही आतून जातील. जाऊ देत. मोटारी गेल्या, वेग ताशी वीसवर आला, तर तेवढी गळती गल्लीला सोसते.

अग्निशामक गाडीचे काय, रुग्णवाहिकेचे काय? हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि यायलाच हवा. किल्लीने आडवे पडणारे बोलार्ड असतात, आणि त्यांची किल्ली अग्निशमन केंद्राकडे असते. लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट भागात अशा योजनेनंतर अग्निशामक गाड्यांना पोचायला उशीर झाला का, याचा अभ्यास झाला. उशीर झाल्याचे आढळले नाही. पण खरे सांगायचे तर हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आज संध्याकाळी सात वाजता त्याच गल्लीत बंब शिरवून दाखवावा. दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, मध्ये अडकलेल्या दोन मोटारी, आणि मागे हॉर्न. बंबाची वाट बोलार्ड अडवणार या काळजीत असलेला माणूस स्वतःची गाडी कोपऱ्याच्या वळणावर लावून सभेला आलेला असतो.

कायद्याची अडचण सांगितली जाते, ती वाटते तेवढी नाही. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 115 ठरावीक रस्त्यावर वाहनांना बंधन घालण्याचा अधिकार देते, आणि महिनाभरापुरते बंधन असेल तर राजपत्रातली अधिसूचनाही लागत नाही. वाहतूक शाखा असे तात्पुरते बदल नेहमी करते आणि हरकती-सूचना मागवते. अडचण तीन कार्यालयांची आहे. रस्ता महापालिकेचा, रहदारी पोलिसांची, बस पीएमपीची, आणि तिघांनी एका टेबलावर बसावे अशी सक्ती कोणावर नाही. त्यामुळे गल्लीतल्या लोकांना सोपा मार्ग उरतो: नगरसेवकाकडे जायचे, पाटी लावून घ्यायची, लोखंडी पाइप आडवा टाकायचा. अशी पाइप-व्यवस्था मग पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकते.

त्यापेक्षा एक महिना घ्या. एकटी गल्ली नको, कारण शेजारच्या गल्लीवर भार ढकलण्यापलीकडे त्यातून काही निघणार नाही. चार मुख्य रस्त्यांमधला पूर्ण तुकडा घ्या. आधी आणि नंतर, गल्लीत आणि मुख्य रस्त्यावर, दोन्हीकडे गाड्या मोजा, बसला चौक ओलांडायला लागणारा वेळ मोजा, आणि आकडे चौकात फलकावर लावा. बसचा वेळ वाढला तर योजना मागे घ्या, मी तक्रार करणार नाही.

आणि महिना सुरू करण्याआधी गल्लीतल्या प्रत्येक सोसायटीच्या सभेत दोन प्रश्न विचारा. बाहेरच्या गाड्या आतून जाऊ नयेत असे कोणाकोणाला वाटते? सगळे हात वर जातील. मग विचारा, तुमची स्वतःची मोटारही रोज सकाळी वळसा घालून जाईल आणि गल्लीच्या वळणांवर गाड्या लावता येणार नाहीत, हे चालेल का? आता किती हात वर राहतात, त्याची नोंद इतिवृत्तात घ्या.